सायकलीचे एंजिन : दोन धावांचे आणि चार धावांचे
(इयत्ता सातवीस सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांकरिता)

गडचांदूरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी राजुऱ्याच्या व कोरपन्याच्या रस्त्याने जी वाहने येतात, त्यांत सिमेंटच्या कारखान्यांचे मोठे ट्रक सोडले तर सर्वांत अधिक ओझे कोण आणते, हे विद्यार्थ्यांस विचारून पाहावे. मोजणी केल्यास उत्तर बहुधा असे येईल की, भाजीच्या पाट्या, दुधाची कॅनटी, किराण्याची पोती, कोंबड्यांचे झाप आणि क्वचित घरातील तीन माणसे, हे सर्व एका लहानशा फटफट्या सायकलीवर येते. तिला कोणी लूना म्हणतात, कोणी एक्सएल म्हणतात. गाडी कोणत्याही कारखान्याची असो, जुने नाव तिला चिकटून राहते. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरची मिळकत ह्या एका यंत्रावर अवलंबून असते. ते यंत्र आतून कसे चालते हे मात्र घरात कोणासच ठाऊक नसते, आणि ह्या अज्ञानाची किंमत कधीकधी महिनाभराच्या मजुरीइतकी पडते.

ती किंमत कशी पडते, हे पाठाच्या आरंभीच सांगितलेले बरे. जुन्या मोपेडच्या टाकीत नुसते पेट्रोल घालून चालत नाही. त्यात ठराविक प्रमाणात तेल मिसळावे लागते. जिवतीच्या डोंगरात पेट्रोल संपले, टपरीवरून बाटलीभर पेट्रोल घेऊन टाकीत ओतले, आणि तेलाचा विसर पडला, तर गाडी चार-सहा मैल नेहमीपेक्षाही चांगली पळते, धूरही दिसत नाही. मग चढावर एकाएकी मागचे चाक आवळल्यासारखे होते व एंजिन थांबते. पुन्हा पायडल मारले तर फिरतच नाही. कारागीर म्हणतो, ‘एंजिन सीज झाले.’ दुसऱ्या बाजूस, शेजाऱ्याची नवी गाडी नुसत्या पेट्रोलवर वर्षानुवर्षे चालते आणि तिला काही होत नाही. असे का, ह्या एका प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे म्हटले की दोन प्रकारच्या एंजिनांची सर्व रचना समजून घ्यावी लागते. म्हणून शिक्षकाने प्रथम व्याख्या न सांगता हा प्रश्न फळ्यावर लिहावा व पाठ संपेपर्यंत तो पुसू नये.

दोन्ही एंजिनांत जे समान आहे

सायकलीत हवा भरण्याचा पंप वर्गात आणावा. त्याचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली ढकलला असता हवा दाबली जाते व पंपाचा खालचा भाग तापतो. विद्यार्थ्यांनी हात लावून ही उष्णता अनुभवावी. आता अशी कल्पना करावी की, ह्या दाबलेल्या हवेत पेट्रोलची वाफ मिसळलेली आहे आणि नेमक्या त्याच क्षणी आत ठिणगी पडली. वायू पेटेल, प्रसरण पावेल आणि दांडा जोराने मागे फेकला जाईल. एंजिन म्हणजे हेच. पंपाच्या नळीस सिलिंडर म्हणतात, तिच्यात खालीवर सरकणाऱ्या भागास दट्ट्या, आणि ठिणगी पाडणाऱ्या भागास प्लग. दट्ट्याचे खालीवर होणे एका दांड्याने व भुजेने चाकाच्या फिरण्यात बदलते. सायकलस्वाराच्या मांडीचे खालीवर होणे ज्या रीतीने पायडलीच्या फिरण्यात बदलते, त्याच रीतीने. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की एक धाव झाली. वर जाणे ही एक धाव, खाली येणे ही दुसरी. दोन धावा मिळून चाकाचा एक फेरा होतो.

ह्यापुढे मात्र दोन्ही एंजिनांचे मार्ग भिन्न होतात.

चार धावांचे एंजिन

चार धावांच्या म्हणजे चतुर्धावी एंजिनात सिलिंडरच्या माथ्यावर दोन झडपा असतात; एक आत घेण्याची, दुसरी बाहेर टाकण्याची. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो, आत घेण्याची झडप उघडते आणि पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण आत ओढले जाते. ही चोषण धाव. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात व दट्ट्या वर जाऊन मिश्रण दाबतो. दाब पुरा होण्याच्या बेतास ठिणगी पडते आणि तिसऱ्या धावेत पेटलेला वायू दट्ट्यास खाली लोटतो. चारांपैकी कमाई करणारी हीच एक धाव; बाकीच्या तिन्ही खर्चाच्या. चौथ्या धावेत दुसरी झडप उघडते आणि वर जाणारा दट्ट्या जळका वायू बाहेर काढून टाकतो. चार धावा म्हणजे चाकाचे दोन फेरे. दोन फेऱ्यांत एकदा धक्का मिळतो. मधल्या काळात जड चाकाच्या वेगावर यंत्र पुढे रेटले जाते.

जर्मनीतील निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली ह्या तत्त्वावर चालणारे एंजिन यशस्वी करून दाखविले. आज रस्त्यावरील बहुतेक पेट्रोलची वाहने त्याच क्रमाने चालतात.

दोन धावांचे एंजिन

येथे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून शिक्षकाने सावकाश जावे. धावा दोनच असल्या तरी चोषण, दाब, स्फोट व निष्कास ही चारही कामे करावीच लागतात. कामे चार आणि धावा दोन, हे कसे जमते? दट्ट्याच्या वरची जागा व खालची जागा दोन्ही एकाच वेळी कामास लावून.

द्विधावी एंजिनात माथ्यावर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच छिद्रे ठेवलेली असतात आणि दट्ट्या सरकताना ती आपोआप उघडतो व झाकतो. दट्ट्या वर जात असता त्याच्या वरील मिश्रण दाबले जाते; त्याच वेळी खाली, भुजा ज्या बंद पेटीत फिरते त्या पेटीत पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधून नवे मिश्रण त्या पेटीत शिरते. ठिणगी पडते, दट्ट्या खाली येतो. खाली येता येता तो पेटीतील नव्या मिश्रणास किंचित दाबीत असतो. तळाजवळ येताच प्रथम जळका वायू बाहेर जाण्याचे छिद्र उघडते, पाठोपाठ पेटीतून वर येणाऱ्या वाटेचे छिद्र उघडते. पेटीतील ताजे मिश्रण वर उसळते व जळक्या वायूस बाहेर ढकलीत त्याची जागा घेते. दट्ट्या पुन्हा वर निघतो. एका फेऱ्यात सर्व पुरे झाले.

स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लर्क ह्याने द्विधावी एंजिन आधीच केले होते, परंतु त्यात मिश्रण ढकलण्यास निराळा पंप लागे. भुजेच्या पेटीचाच पंप करण्याची युक्ती इंग्लंडातील जोसेफ डे ह्याची, १८९१ च्या सुमाराची. त्यातही एक-दोन झडपा शिल्लक होत्या. त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगाराने दट्ट्याकडूनच छिद्रे झाकण्याउघडण्याचे काम करवून घेतले आणि त्याही काढून टाकल्या. पंडितांच्या नावांबरोबर ह्या कामगाराचे नावही विद्यार्थ्यांस सांगावे. गॅरेजात काम करणारा भाऊ किंवा काका ज्यांच्या घरी आहे त्यांना ते लक्षात राहील.

हा भेद शब्दांनी सांगण्यापेक्षा कानांनी समजतो. सायकल उलटी उभी करावी व पायडलीस रंगीत चिंधी बांधावी. एका विद्यार्थ्याने पायडल हळूहळू फिरवावे. अर्ध्या वर्गाने चिंधी वर येताच प्रत्येक फेऱ्यास टाळी वाजवावी, हे द्विधावी. उरलेल्या वर्गाने एक फेरा सोडून टाळी वाजवावी, हे चतुर्धावी. पायडलीचा वेग वाढविला की एका बाजूची टाळी दाट तडतडू लागते, दुसरीची संथ राहते. जुन्या मोपेडचा कर्कश एकसुरी आवाज आणि नव्या गाडीचा सुटा ठोका ह्यांतील फरक त्यानंतर विद्यार्थ्यांस डोळे मिटूनही ओळखता येईल.

गणिताचा भाग

दट्ट्याचा व्यास ४ सें. मी. आणि धाव ४ सें. मी. असेल, तर त्याने व्यापलेले घनफळ ३·१४ × २ × २ × ४ म्हणजे ५०·२४ घन सें. मी. होते. ‘पन्नास सीसीची गाडी’ ह्याचा अर्थ एवढाच. ती मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर द्विधावी एंजिनात सेकंदास ५० स्फोट होतील, चतुर्धावीत २५. म्हणून सारख्याच आकाराच्या द्विधावी एंजिनाने दुप्पट शक्ती द्यावी असे वाटते. प्रत्यक्षात ती दुप्पट भरत नाही, कारण प्रत्येक स्फोटास मिळणारे मिश्रण पुरते ताजे नसते व धावेचा काही भाग छिद्रे उघडी राहण्यात वाया जातो. ह्याचा पुरावा बाजारातच आहे. होसूरच्या टीव्हीएस कारखान्याची एक्सएल सुपर ही द्विधावी मोपेड सुमारे ७० सीसीची होती. २०१५ साली त्याच कामाकरिता चतुर्धावी एक्सएल १०० निघाली, तेव्हा एंजिन सुमारे १०० सीसीचे करावे लागले.

आणखी एक उदाहरण मुलांस विशेष आवडेल. साध्या सायकलीस बसविण्याचे परदेशी द्विधावी एंजिन ‘८० सीसी’ म्हणून विकले जाते. त्याचा व्यास ४·७ सें. मी. व धाव ३·८ सें. मी. असते. विद्यार्थ्यांनी घनफळ काढावे. उत्तर ६६ च्या आतबाहेर येईल. आकडा मोठा छापला म्हणून दट्ट्या मोठा होत नाही! ह्याच ठिकाणी कायदाही सांगून टाकावा : २५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेचे एंजिन बसविले की सायकल मोटार वाहन ठरते, तिची नोंदणी व चालकाचा परवाना लागतो; आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचाही परवाना सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. सातवीतील कोणीही तिच्यावर स्वार होऊन शाळेत येऊ नये.

तेलाचे उत्तर

आता फळ्यावरील प्रश्नाकडे वळावे. चतुर्धावी एंजिनात मिश्रण माथ्यावरून येते व माथ्यावरूनच जाते. भुजेच्या पेटीत त्याचा प्रवेश नाही. त्यामुळे त्या पेटीत वंगणाचे तेल साठवून ठेवता येते आणि तेच तेल पुनःपुन्हा उडून सर्व भागांस लागते. द्विधावी एंजिनात भुजेची पेटी हीच मिश्रणाची वाट आहे. तेथे तेल साठविता येत नाही. तेव्हा वंगण पेट्रोलबरोबरच पाठवावे लागते. पेट्रोलची वाफ होते, तेलाचे सूक्ष्म थेंब बेअरिंगांवर व सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि काम झाल्यावर जळून जातात. जुन्या गाड्यांत वीस किंवा पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल घालीत. पुढे चांगली २-टी तेले आल्यावर अनेक गाड्यांस पन्नासास एक भाग पुरू लागले. म्हणजे एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर. कोणत्या गाडीस किती, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. वर्गात मोजमाप करताना पेट्रोल मुळीच आणू नये; पाणी व खाण्याचे तेल घेऊन मापे शिकवावीत.

तेल कमी पडले तर दट्ट्या तापून फुगतो व सिलिंडरमध्ये अडकतो. अधिक पडले तर नुकसान मंद असते, पण असतेच : प्लग काळा पडून ठिणगी चुकते, निष्कासाच्या छिद्रात काजळी साचते, गाडी ओढेनाशी होते. सायलेन्सर काढून आगटीत भाजून काढण्याची खेड्यापाड्यांतील रीत ह्या काजळीवरचाच उपाय आहे. ‘थोडे जास्त घातले तर एंजिनाचे भलेच होईल’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरात जिवतीकडे जाणाऱ्यांस ह्या तत्त्वाची आणखी एक बाजू माहीत असावी. पुस्तकांत ती सहसा दिलेली नसते. लांब उतारावर गाडी आपल्या वजनाने धावते आणि चालक मूठ पूर्ण बंद करतो. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि द्विधावी एंजिनात पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. मागचे चाक मात्र एंजिनास जोडलेले असेल तर दट्ट्या वेगाने फिरतच राहतो, कोरडा. चढावर न अडकलेले एंजिन उतारावर अडकते ते ह्यामुळे. म्हणून उतरताना मधूनमधून मूठ किंचित उघडावी. शिवाय द्विधावी एंजिन उतारावर गाडीस फारसे रोखून धरीत नाही. भार ब्रेकांवर पडतो. मागे दोन पोती असताना ही गोष्ट प्राणाशी येते. चतुर्धावी गाडीस तेलाची ही धास्ती नाही, परंतु तिची वेगळी आहे : पेटीतील तेल घटते, जुने होते, आणि ते कोणी पाहत नाही. धूर नाही म्हणून तेलाची गरज नाही असे समजून वर्षभर तेल न बदलणारे लोकही ह्याच तालुक्यात सापडतील.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. पारा ४५ अंशांवर गेला असता हवेने थंड होणाऱ्या एंजिनास थंड होणे कठीण जाते. प्रत्येक फेऱ्यास स्फोट होत असल्यामुळे द्विधावी एंजिनास उसंत कमी मिळते. सिलिंडरवरील पातळ कंगोऱ्यांमध्ये बसलेली सिमेंटची व मातीची धूळ ब्रशाने साफ करणे हा बिनपैशाचा उपाय होय.

धूर

पाण्याचा एक प्रयोग करावा. काचेच्या पेल्यात शाईचे पाणी काठोकाठ भरून तो ताटात ठेवावा आणि वरून स्वच्छ पाणी ओतीत जावे. शाई निघून पाणी नितळ होईपर्यंत किती पेले पाणी लागले ते मोजावे. एक पेला पुरत नाही. बरेचसे स्वच्छ पाणी शाईबरोबर ताटात वाहून जाते. थोडेच ओतून थांबले तर पेल्यात शाई उरते. द्विधावी एंजिनाचा दोष नेमका हाच आहे. ताजे मिश्रण जळक्या वायूस ढकलीत असता दोन्ही छिद्रे उघडी असतात, आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग, कधी पाव हिस्सा वा त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर जातो. पैसे देऊन घेतलेले पेट्रोल सायलेन्सरमधून निसटते, आणि त्याबरोबर अर्धवट जळलेले तेल निळसर धुराच्या रूपाने मागून येणाऱ्याच्या नाकात जाते.

हा धूर एका गाडीचा असता कोणी मनावर घेतला नसता. शहरांत अशा गाड्या लक्षावधी झाल्या तेव्हा शासनास व न्यायालयास लक्ष घालावे लागले; दिल्लीत १९९८ साली सुट्या २-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली व पंपावरच योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन देण्याची व्यवस्था झाली. धुराविषयीचे देशव्यापी नियम पायरीपायरीने कडक होत गेले आणि २०२० साली भारत स्टेज-६ लागू झाल्यावर रस्त्यावरील नव्या दुचाकींत द्विधावी एंजिन उरले नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नायट्रोजनची ऑक्साइडे द्विधावी एंजिनातून तुलनेने कमी निघतात. आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू दोन्हींतून निघतो. म्हणून दाखविण्याकरिता एंजिन चालू करावयाचे झाल्यास ते मैदानातच करावे, वर्गात किंवा बंद पडवीत कदापि नाही.

दोन देशांतील सायकली

एंजिनाची सायकल प्रथम द्विधावी होती व मागाहून चतुर्धावी झाली, असा सरळ इतिहास मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत सायकलीस बसविण्याचे ‘कुच्चोलो’ नावाचे ४८ सीसीचे एंजिन निघाले, ते चतुर्धावीच होते. नावाचा अर्थ कुत्र्याचे पिलू. त्याच्या आवाजावरून ते पडले. ह्याच सुमारास, १९४६ साली, जपानमधील हामामात्सु येथे सोइचिरो होंडा ह्यांनी लष्कराच्या बिनतारी यंत्रांकरिता बनविलेली शिल्लक छोटी एंजिने मिळवून सायकलींना जोडली. ती द्विधावी होती. १९४७ चे त्यांचे स्वतःचे एंजिन द्विधावी, १९५२ चे ‘कब’ही द्विधावी. परंतु १९५८ साली काढलेल्या ‘सुपर कब’ गाडीकरिता त्यांनी ४९ सीसीचे चतुर्धावी एंजिन निवडले. त्या काळी एवढ्या लहान आकारात ते करणे अवघड व महाग होते. ह्या जातीच्या गाड्यांची एकूण संख्या २०१७ साली दहा कोटींवर गेली.

महाराष्ट्राची कथा १९७२ ची आहे. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने हस्तिमल फिरोदिया ह्यांच्या पुढाकाराने ‘लूना’ आणली. इटलीतील पियाज्जिओच्या ‘चाओ’ मोपेडवर ती आधारलेली होती. पन्नास सीसीचे द्विधावी एंजिन, गियर नाहीत, आणि पायडली कायम : एंजिन सुरू करावयास त्याच, पेट्रोल संपल्यास घरी पोहोचावयासही त्याच. ज्या शिक्षकास, ग्रामसेवकास वा दूधवाल्यास स्कूटरचा नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यास हे वाहन परवडले. द्विधावी एंजिनाचा सर्व दोष मान्य करूनही हे ऋण नाकारता येणार नाही. झडपा नाहीत, साखळी नाही, हलणारे भाग मोजकेच. झाडाखाली बसलेला कारागीर चार पान्यांनी ते खोलू शकतो. २०२४ साली त्याच घराण्याने विजेवर चालणारी ‘इ-लूना’ आणली. तिला धावाच नाहीत.

मग घरी कोणती गाडी असावी? नवी घ्यावयाची झाल्यास आता निवडीचा प्रश्नच राहिलेला नाही. चतुर्धावी किंवा विजेची. प्रश्न आहे तो दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा. समजा, जुनी गाडी लिटरला ४० किलोमीटर जाते, चतुर्धावी ६०, आणि महिन्यास ६०० किलोमीटरांचे येणेजाणे आहे. जुनीस १५ लिटर पेट्रोल व पन्नासास एक ह्या प्रमाणात ३०० मिलिलिटर तेल लागेल. दुसरीस १० लिटर, आणि पेटीतील तेल दर काही हजार किलोमीटरांनी बदलण्याचा खर्च. ही वजाबाकी विद्यार्थ्यांनी घरच्या खऱ्या आकड्यांनी व चालू भावाने करावी. मात्र चतुर्धावी गाडीच्या झडपांचे काम निघाले तर त्याचा खर्च द्विधावीच्या साध्या दुरुस्तीहून अधिक येतो, हाही आकडा वहीत लिहावा. महिन्यातून चारच वेळा बाजारास जाणाऱ्या घरास जुनी गाडी नीट राखणेच स्वस्त पडेल. रोज डोंगर चढउतार करणाऱ्यास बदल लवकर फेडला जाईल. उत्तर घराघराचे निराळे येईल, आणि शिक्षकाने ते निराळेच येऊ द्यावे.

पाठाच्या दुसऱ्या दिवशी गावातील गॅरेजवाल्यास शाळेत बोलवावे. त्याने खराब झालेला एक दट्ट्या व एक सिलिंडर आणावे. तेलाविना अडकलेल्या दट्ट्यावर उभ्या ओरखड्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. त्यांवरून विद्यार्थ्यांनी नख फिरवून पाहावे. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे मोजावीत, आणि कोणते छिद्र आधी उघडत असेल हे दट्ट्या आत सरकवून स्वतः ठरवावे. कारागिराची शाळा चौथीतच सुटली असेल तरी त्या तासापुरते शिक्षकाने बाकावर बसावे व प्रश्न विद्यार्थ्यांस विचारू द्यावेत.